नंबर लागला, सोय नाही

गिरणीचा संप मोडला तेव्हा मी इतकी लहान होते की बाबा कायमचे घरी आले याचा मला नुसता आनंद झाला. एरवी ते मुंबईहून शिमग्याला आणि गणपतीला यायचे. आता रोज ओटीवर बसलेले दिसायचे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात भात पिकायचं ते जेमतेम होळीपर्यंत पुरायचं, पुढचं वर्ष मुंबईच्या मनिऑर्डरीवर निघायचं. आता मनिऑर्डर पाठवणाराच घरी होता. पुढच्या पावसाळ्यात आई पेज पातळ करायला लागली तेव्हा माझा आनंद ओसरला.

मग बाबा चिरेखाणीवर जायला लागले. टिकावाने लाल जांभा दगड फोडून चिरे काढायचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयासुद्धा लाल झालेल्या असत. गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या माणसाला हे काम झेपणारं नव्हतं, पण ते कधी तसं म्हणाले नाहीत. बोलणंच कमी झालं त्यांचं.

मी पाचवीत असताना आमचे गुरुजी घरी आले. सरकारने खेड्यांतल्या हुशार मुलांसाठी रत्नागिरीला निवासी शाळा काढली होती. परीक्षा द्यायची, नंबर लागला तर सहावीपासून तिकडे राहायचं. काही जागा मुलींसाठी राखून ठेवल्या होत्या. गुरुजी उत्साहाने सांगत होते की तिथे प्रयोगशाळा असेल, वाचनालय असेल, इंग्रजी नीट शिकवतील. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवण किती वेळ देतात?"

"दोन्ही वेळ. सकाळी दूध आणि नाश्ता."

"मग बसवा हिला."

आई चुलीपाशी होती. गुरुजी गेल्यावर ती म्हणाली, "पोर हुशार आहे म्हणून धाडताय की जेवण मिळतंय म्हणून?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

गुरुजी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेत. आकृत्यांचे प्रश्न असायचे. एका चौकोनात काही ठिपके, दुसऱ्यात काही, तर तिसऱ्यात काय येईल. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि मला त्याची चटक लागली. परीक्षेला बसले आणि माझा नंबर लागला. गावात कुणी मुलगी शिकायला रत्नागिरीला गेली नव्हती. आईने माझ्या केसांना इतकं तेल लावलं की नव्या गणवेशाची कॉलर पहिल्याच दिवशी डागाळली.

शाळेची इमारत व्हायची होती. तोवर शहराबाहेर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, बंद पडलेला आंब्याच्या रसाचा एक कारखाना भाड्याने घेतला होता. पुढच्या मोठ्या शेडमध्ये मुलगे राहायचे, मधल्या भागात वर्ग भरायचे आणि मागे उतारावर कारखान्याची जुनी कचेरी होती, तिथे आम्ही मुली. भिंतींना आंबलेल्या रसाचा वास होता. फिनेलने पुसून पुसूनही तो जायचा नाही.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. म्हणाले, "तुम्ही कोकणच्या मातीतली रत्नं आहात. शासनाने तुम्हाला खेड्याखेड्यांतून वेचून काढलंय."

माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्या कानात म्हणाली, "वेचून काढतात ते खडे गो. तांदूळ सुपातच ऱ्हातात."

मला हसू आवरेना. ती हेदवीची होती. तिथे सगळ्यांना आपापल्या गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत आपोआपच पडली, म्हणून ती हेदवी. मी संगमेश्वर, कारण माझ्या गावाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. माझ्या दुसऱ्या बाजूच्या खाटेवर होती ती हर्णे.

हेदवीचे वडील बोटीवर होते, वर्षाचे बरेच महिने समुद्रात. तिला एकदा ऐकलेलं सगळं पाठ व्हायचं. हेदवीहून रत्नागिरीला येताना एस.टी. कुठे कुठे थांबते ते ती कंडक्टरच्या आवाजात म्हणून दाखवायची, शृंगारतळी, मार्गताम्हाने, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा, आणि मधले सगळे फाटेसुद्धा, उलटेही आणि सुलटेही. हर्णे अगदी वेगळी. ती बोलायची नाही. बंदरावर रोज संध्याकाळी मासळीच्या लिलावात आईच्या पाठीशी उभं राहून तिचं डोकं हिशेबात तयार झालं होतं. पण तिचं खरं वैशिष्ट्य हिशेब नव्हतं. एखादी गोष्ट पटेपर्यंत ती सोडत नसे. गणिताच्या सरांनी फळ्यावर काही लिहिलं आणि तिला पटलं नाही, तर ती दुपारी शिक्षकांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहायची. सर हसून म्हणायचे, "आली माझी तपासनीस."

पहिल्या चाचणीत मी खालून कितवी तरी आले. आपापल्या गावातल्या पहिल्या नंबराच्या मुली त्या दिवशी खाटांवर पालथ्या पडून रडत होत्या. तरी मी खोटं सांगणार नाही, मला तिथे आवडत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी कांद्याचा पापुद्रा पाहिला, विटांच्या भिंतीसारखा. पुस्तकांचं एक कपाट होतं आणि ते उघडं असायचं. पोटभर जेवताना सुरुवातीला मला घरची आठवण यायची आणि घास अडायचा. नंतर अडेनासा झाला.

पाण्याची अडचण पहिल्यापासून होती. टँकर यायचा तो पुढच्या टाकीत पाणी ओतून जायचा. मागचा उतार अरुंद, तिकडे टँकर येत नसे. पुढच्या टाकीतलं पाणी मुलग्यांना आणि स्वयंपाकाला. आमच्या खोलीतल्या पिंपात मागच्या विहिरीचं पाणी भरलं जायचं. आमच्या वॉर्डन मॅडम घाटावरच्या, वयाने लहान, पहिलीच नोकरी. पाणी उकळून देण्यासाठी त्या रॉकेल मागत होत्या. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. कशाचीही मागणी केली की म्हणत, "प्रस्ताव वर गेलाय, मॅडम."

गणपतीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो आणि आठवड्याभरात मुली आजारी पडायला लागल्या. आधी ताप, मग अन्नाचा वास नकोसा, उलट्या, आणि मग डोळे पिवळे. कावीळ. कुणी म्हणालं सांसर्गिक आहे, म्हणून भांडी वेगळी केली. कुठल्या तरी पानांचा रस आणून सगळ्यांना पाजला. एकेका मुलीचे काका, मामा येऊन तिला घेऊन जायचे. ज्यांच्या घरून कुणी आलं नाही त्या खाटांवर पडून राहिल्या. पाऊस थांबत नव्हता, कपडे वाळत नव्हते, आणि ओल्या कपड्यांचा, ओकाऱ्यांचा आणि त्या जुन्या रसाचा असा एक वास झाला होता की मला अजूनही हापूसचा डबाबंद रस चालत नाही.

एक शिक्षक वर्गात म्हणाले, "मुलींना जिभेवर ताबा नाही. बाहेरच्या चिंचा, आवळे खातात, मग होतं असं."

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर हर्णे पहिल्यांदाच चिडलेली दिसली. "फाटकाला कुलूप आहे. आवळे काय उडत येतात?"

दुसऱ्या दिवसापासून ती विचारत फिरायला लागली. मुलग्यांशी बोलायची आम्हाला बंदी होती, पण मधल्या सुट्टीत ती सरळ जाऊन विचारायची. मुलग्यांतले फक्त दोघे आजारी होते. दोघेही मागच्या अंगणात चेंडू खेळायला यायचे आणि तिथेच विहिरीवर पाणी प्यायचे. आमच्यातली एक मुलगी ठणठणीत होती. ती स्वयंपाकघरातल्या मावशींची लाडकी, सारखी तिथेच असायची आणि पाणीही तिथलंच प्यायची.

"पाण्यानं होतंय," हर्णे मला म्हणाली. "पण त्या पाण्यात काय असेल? दिसतं तर निवळ."

आम्ही दोघी विहिरीपाशी गेलो. विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, मुलग्यांचे नवे संडास बांधले होते. त्यांचा खड्डा जांभ्यात खणलेला. मी वडिलांच्या मागे खाणीवर जात असे, त्यामुळे जांभा मला ठाऊक होता. त्याला आरपार छिद्रं असतात. वर ओतलेलं पाणी खाली कुठे निघेल याचा नेम नसतो.

"जांभा पाणी धरीत नाही," मी म्हणाले.

हर्णेने खड्ड्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. मग ती बाजूला जाऊन ओकली. मला वाटलं किळस आली असेल. ती कावीळच होती, हे दोन दिवसांनी कळलं.

आम्ही मॅडमना सांगितलं. त्या तशाच ओल्या साडीने प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सगळं ऐकलं. "बाहेर कुणाजवळ बोलू नका," ते म्हणाले. "मी करतो." आणि त्यांनी केलं, हेही सांगायला हवं. त्याच दुपारी विहिरीत पावडर टाकली आणि टँकरचं पाणी बादल्यांनी मागे आणून द्यायला माणूस लावला.

पण हेदवी तोवर पडली होती. बाकीच्या मुलींचे डोळे पिवळे झाले, तिचं सगळं अंग पिवळं झालं. दिवसभर झोपायची. जागी झाली की भलतंच बोलायची. एका सकाळी ती उठून बसली आणि एस.टी.चे थांबे म्हणायला लागली. मी खूश झाले, मला वाटलं बरी झाली. "शृंगारतळी, मार्गताम्हाने, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर," आणि ती थांबली. पुन्हा म्हणाली, "संगमेश्वर." माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढं काय गो?"

"हातखंबा."

"पुढं काय गो?" तिने परत विचारलं. मी सांगितलेलं तिला ऐकूच गेलं नव्हतं.

मी धावत जाऊन मॅडमना बोलावलं. रिक्षा आली. प्राचार्यांनी स्वतः तिला उचलून रिक्षात ठेवलं, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तिची ओकारी सांडली. सिव्हिल हॉस्पिटलात चौथ्या दिवशी तिचा जीव गेला. तिचे काका जीप घेऊन आले आणि तिची पत्र्याची पेटी न्यायला आमच्या खोलीत आले. पेटी उघडून कपडे नीट आहेत का बघत राहिले, जणू तेच बघायला आले होते. म्हणाले, "तिचा बापूस बोटीवर आहे. त्याला कसं कळवायचं, कुठल्या बंदरात कळवायचं, काही समजत नाही." आम्हा मुलींकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का गो?" त्या प्रश्नानेच आम्ही सगळ्या रडायला लागलो.

मग चौकशी समिती आली. तीन जण होते, त्यांत एक बाई. प्राचार्यांनी आदल्या दिवशी आम्हाला एवढंच सांगितलं होतं की विचारतील तेवढंच बोला. हर्णे आजारातून उठलेली, भिंतीला धरून चालत होती. तिला घरी न्यायला कुणी आलं नव्हतं, बोटी समुद्रात होत्या.

समितीतल्या एकाने आम्हाला विचारलं, "मुलींनो, बाहेरचं काय खाल्लं होतं तुम्ही?"

हर्णे उभी राहिली.

"खाण्याचा काय नाय. पाण्यानं झाला. मागच्या विहिरीचा पाणी आम्ही पितो, मुलगे टँकरचा पितात. मुलगे बरे हायत."

"नीट बोल, बाळ," बाई म्हणाल्या. "शाळेत शिकवतात तसं."

"बोलू द्या तिला," मधले साहेब म्हणाले. ते वयस्क होते, केस पांढरे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मग हर्णेने सगळं सांगितलं. ते दोन मुलगे, स्वयंपाकघरातली मुलगी, चढावरचा खड्डा, उतारावरची विहीर. जांभ्याचं मला सांगायला लावलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. साहेब आमच्याबरोबर विहिरीपर्यंत आले, पायात बूट असताना चिखलातून चढून खड्ड्यापाशी गेले. परत आल्यावर त्यांनी हर्णेच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. अशाच मुलांसाठी ही शाळा काढली आहे."

त्या दिवशी आम्हाला वाटलं, आता सगळं नीट होईल. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी जाऊन सगळ्यांना तेच सांगितलं. साहेबांनी ऐकलं, आता टँकर मागे यायला रस्ता करतील, कदाचित नवी इमारतसुद्धा लवकर होईल. गुरुजींनी मला वर्गासमोर उभं केलं.

सुट्टीनंतर परत गेलो आणि पंधरवड्यात हुकूम आला. प्रार्थनेच्या वेळी प्राचार्यांनी तो वाचून दाखवला. भाषा अवघड होती, पण अर्थ कळला. ही जागा मुलींच्या निवासाला योग्य नाही. योग्य व्यवस्था होईपर्यंत मुलींचे प्रवेश स्थगित. सध्या असलेल्या मुलींना त्यांच्या गावच्या शाळेत पाठवावं. मुलग्यांची शाळा चालू राहील.

हॉलमध्ये मुलगे एका बाजूला बसलेले, आम्ही दुसऱ्या. त्यांच्यातला कुणीच आमच्याकडे बघत नव्हता. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना आधीच कामावरून कमी केलं होतं, निष्काळजीपणा म्हणून. ज्या बाईने रॉकेल मागून मागून तोंड दुखवून घेतलं होतं, तिची नोकरी गेली.

हर्णेने हात वर केला. "सर, पाणी तर आता बरोबर येतंय. मग आम्ही का जायचं?"

प्राचार्य म्हणाले, "बस खाली, बाळ." त्यांनी हुकुमाच्या कागदाची घडी घातली.

मला न्यायला बाबा आले. खाणीवरून एका दिवसाची सुट्टी घेऊन आले होते, कपडे धुतलेले पण नखांत लाल माती. प्राचार्यांच्या टेबलापुढे ते हात जोडून उभे राहिले. गिरणीत मॅनेजरपुढे असेच उभे राहत असतील.

"साहेब, हिचा नंबर लागला होता ना?"

"लागला होता."

"मग आता काय, नंबर चुकला?"

"नंबर बरोबर आहे हो. हुशार आहे मुलगी. सोय नाही, एवढंच."

"मुलग्यांची सोय आहे?"

प्राचार्यांनी माझा दाखला त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी माझी पेटी खांद्यावर घेतली. एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत होते. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बाय, तू काय चूक केलेली नाहीस." आईने मला बघितलं आणि चुलीवरच्या पेजेत आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

पुढे मी गावातच सातवी केली, मग डोंगर उतरून हायस्कूलला जात राहिले. इंग्रजी कच्चं राहिलं ते राहिलंच. आकृत्यांचे प्रश्न पुन्हा कुणी घातले नाहीत. डी.एड. करून मी प्राथमिक शिक्षिका झाले, हे आमच्या घराच्या मानाने पुष्कळ होतं. आमच्या वर्गातले मुलगे इंजिनिअर झाले, एक डॉक्टर झाला. त्यांतल्या एकाने एका लग्नात मला ओळखलं आणि म्हणाला, "तुम्ही मुली का सोडून गेलात मध्येच?" त्याला खरंच आठवत नव्हतं. नव्या इमारतीत मुलींना परत घ्यायला लागले तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका प्रशिक्षणासाठी मी दापोलीला होते. एका संध्याकाळी मुद्दाम हर्ण्याला गेले. तिचं घर विचारायची गरज पडली नाही. बंदरावर लिलाव चालला होता आणि गर्दीच्या कडेला ती टोपली उपसत बसली होती, मांडीवरचं मूल पदरात बांधलेलं. तिने मला लगेच ओळखलं.

"संगमेश्वर," ती म्हणाली. आणि हसली. तिच्या तोंडून इतकं मोठं हसू मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

तिची शाळा नववीत सुटली होती. बापाने म्हटलं, शहाणपणा पुरे झाला, त्याच शहाणपणाने शाळा घालवलीस. बंदरावरच्या बायका सुरुवातीला तिला "बालिस्टर" म्हणत. नवरा खलाशी, माणूस बरा. हे सगळं तिने मासे निवडता निवडता सांगितलं, हात थांबवला नाही. बोंबील एकीकडे, बांगडे एकीकडे.

मग तिने विचारलं, "मी त्या दिवशी गप ऱ्हायले असते तर गो?"

मी म्हणाले, "तर आणखी कुणी गेली असती."

"व्हय." तिने एक कुजका मासा उचलून पाण्यात फेकला. "पण बाकीच्या शिकल्या असत्या."

हे उत्तर ती कित्येक वर्षं तपासत असणार आणि अजून तिला ते पटलेलं नव्हतं. तितक्यात धक्क्याला आणखी एक बोट लागली, बायकांचा गलका झाला. तिने मूल माझ्या हातात दिलं, "धर जरा," म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन बोटीकडे गेली. मूल रडलं नाही. ते माझ्या गळ्यातली माळ बोटांनी चाचपत होतं, एकेक मणी सरकवून बघत होतं.